व्याह्यांचं मनगट ठणठणीत आहे

आमच्या दोन्ही घरांत एक समज पक्का झाला आहे की गेल्या दसऱ्याला आमच्या व्याह्यांचं मनगट गेलं. व्याही म्हणजे सुनेचे वडील. बोरिवलीला राहतात, सत्तरी ओलांडली आहे. त्यांचं मनगट जागच्या जागी आहे. गेलं असेल तर माझं इमान गेलं. हे मी तोंडी सांगून थकलो, म्हणून आता लिहून ठेवतो.

मला लहानपणापासून लिव्हरची रायफल हवी होती. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढायची, खटक. वर घ्यायची, खटक. की बार तयार. मुलुंडच्या निवृत्त बँकवाल्याने ही हौस कोणाला सांगायची? मी व्याह्यांना सांगितली. ते दर रविवारी नेमबाजीच्या क्लबात जातात. शिवाय कुठलीही वस्तू पारखून घ्यायचं त्यांना व्यसन आहे. हापूस असो की मिक्सर. आमचा मुलगासुद्धा त्यांनी असाच उलटासुलटा करून जावई म्हणून घेतला होता.

एका छोट्या कारखान्याने नुकतीच तशी रायफल बाजारात आणल्याचं त्यांनीच शोधून काढलं. हवेवर चालणारी, छर्ऱ्यांची. परवाना लागत नाही, ओळखपत्र दाखवलं की मिळते.

घाटकोपरच्या दुकानात त्यांनी ती हातात घेतली आणि आधी नुसते डोळे मिटले. दुकानदार माझ्याकडे बघायला लागला.

"वजन पुढे झुकत नाहीये," व्याही डोळे न उघडता म्हणाले. मग दस्ता खांद्याला लावला, लाकडावरून अंगठा फिरवला, नळीतून ट्यूबलाइटकडे पाहिलं. लिव्हर ओढली की वरच्या अंगाला एक छोटी खिडकी उघडते, तिच्यात छर्रा ठेवतात. ती खिडकी त्यांनी कान लावून उघडमीट केली. "ऐका. नवं यंत्र जरा कुरकुरतं. ही नाही कुरकुरत. लोणी आहे, लोणी! घ्या तुम्ही. जबाबदारी माझी."

घरी आणली ती खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. बायकोने बजावलं, "शस्त्र आहे ना? मग पूजेआधी चालवायचं नाही. आणि एक फूल, एक बोट कुंकू. जास्त भक्ती नको."

आमच्या शस्त्रपूजेला दरवर्षी विळी, पाना आणि मुलाचा लॅपटॉप असतो. यंदा पहिल्यांदाच पाटावर खरं शस्त्र आलं, त्यामुळे मला भरून आलं. मिटल्या तोंडाने देव काय घेणार, असं वाटून मी लिव्हर ओढली, खिडकी उघडली आणि सढळ हाताने अक्षता वाहिल्या. नंतर फडक्याने वरवर झटकल्या.

दसऱ्याच्या दुपारी दोन्ही कुटुंबं मढला जमलो. व्याह्यांच्या मित्राचा बंगला आहे तिथे, एरवी सिनेमावाल्यांना भाड्याने देतो. मागे उंच भिंत, तिच्यापुढे वाळूची पोती, पोत्यांवर नेमाचा कागद. पहिला मान पारख करणाऱ्याला.

व्याह्यांनी लिव्हर ओढली. ती खाली आली, पण वर जाईना. त्यांनी जोर लावला. अर्धी गेली आणि अडली. दात-ओठ खाऊन त्यांनी ती कशीबशी बसवली आणि नेम धरला. छर्रा कुठे गेला कळलंच नाही. कागद होता तसाच कोरा.

"चष्मा घरी राहिला का?" विहीणबाईंनी विचारलं.

"चष्मा डोळ्यांवरच आहे!"

"मग नेम घरी राहिला असेल."

सगळे हसले. मीही हसलो, आणि इथे खरं सांगतो, मनापासून हसलो. पंधरा वर्षं हा गृहस्थ मला कलिंगड कसं वाजवावं ते शिकवतो आहे. त्यांनी आणखी प्रयत्न केले, लिव्हर आणखी अडली. घामाने निथळत ते म्हणाले, "माल खराब निघाला. उद्या मी स्वतः दुकानात जाऊन त्याला जाब विचारतो."

घरी येऊन रायफल पिशवीत घालताना मी ती उलटी धरली, तर तळहातावर लाल तांदूळ पडले. काही अख्खे, काही भरडलेले. मग मी ब्रशने, फुंकरीने, बायकोच्या सुईने शेवटची कणी काढली. लिव्हर ओढून पाहिली. लोणी. बायकोने भक्ती जास्त नको म्हणून बजावलेलं, त्यामुळे तिला काही बोललो नाही. व्याह्यांना सकाळी फोन करू म्हटलं. पण सकाळी ते फोनच्या आधी दारात हजर! आणि रिक्षात ते दुकानदाराला काय काय सुनावणार याची अशी तालीम करत होते की मला मध्ये तोंड घालायला फटच मिळाली नाही.

"आता बघ हं कशी अडकते," असं म्हणून त्यांनी काउंटरवर दणकून लिव्हर ओढली.

खटक. खटक.

पुन्हा ओढली. खटक, खटक. दुकानदाराने एका बोटाने ओढून दाखवली आणि अगदी आदराने म्हणाला, "काका, होतं असं. वय झालं की मनगटात जोर राहत नाही. तुम्ही हलकं पिस्तूल बघता का?"

व्याह्यांनी रायफल पिशवीत घातली. बाहेर आल्यावर आपल्या उजव्या हाताकडे बघत म्हणाले, "क्लबाचं सोडून देतो. आपल्यामुळे दुसऱ्याला छर्रा लागायला नको."

मग मात्र मी तिथेच फुटपाथवर सगळं सांगितलं. अक्षता, सुई, सगळं.

ते माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "चांगले आहात हो तुम्ही. पण मला बरं वाटावं म्हणून इतकं रचायची गरज नव्हती."

घरी सांगितलं, तर बायको म्हणाली, "व्याह्यांची बाजू घेताय, शोभतं तुम्हाला." विहीणबाईंनी फोनवर माझे आभार मानले. सून रडवेली झाली, "बाबा, तुम्ही किती करता माझ्या बाबांसाठी!" आयुष्यात इतका मान मला कधी मिळाला नव्हता, आणि तोही खोटेपणा केल्याबद्दल, जो मी केलाच नव्हता.

पुढच्या रविवारी व्याही खरंच क्लबात गेले नाहीत. तेव्हा मी रायफल आणि अक्षतांची वाटी घेऊन बोरिवली गाठली. दिवाणखान्यात, त्यांच्यासमोर, छर्रा न घालता खिडकी उघडली आणि यथासांग पुन्हा पूजा केली.

"ओढा आता वर."

त्यांनी ओढली. अर्ध्यावर अडली. त्यांनी जोर लावला. आतून 'कर्र' असा आवाज आला आणि लिव्हर तिथेच रुतून बसली. ना वर, ना खाली.

"अडकली!" व्याही सोफ्यावरून उठलेच. "अगं ए, बाहेर ये! अडकली बघ! तुमच्याच्याने निघते का, ओढा! नाही ना निघत?"

नाही निघाली. मी दोन्ही पायांत दस्ता धरून ओढली, तरी नाही. ब्रश चालला नाही, सुई मोडली. विहीणबाई दारात येऊन म्हणाल्या, "दोघांचीही मनगटं गेली," आणि आत निघून गेल्या.

व्याह्यांनी क्लबाची पिशवी काढली, बूट चढवले.

"व्याही, आधी घाटकोपरला जाऊ या ना. दुकानात ही दाखवायला हवी."

"जा की," ते नाडी बांधत म्हणाले. "दुकानदाराला सांगा काय वाहिलंत ते. मला उशीर होतोय."