गुळगुळीत ठोकळे

लाकडाच्या वखारीत झाडू मारणाऱ्या बाईला सगळे भुसावहिनी म्हणत, आणि तीही या नावाला बिनदिक्कत ओ देई. करवतीखाली रोज भुशाचा ढीग पडायचा, तो पाटीत भरून नाल्याकडेला ओतायचा हे तिचं काम. बारा वर्षं तिने तो ओतला. मग एकदा तिच्या मनात आलं, आपण मेलं काटक्यांसाठी वणवण हिंडतो आणि जळण आपल्याच हाताने फेकून येतो. काखेत कळसा, गावाला वळसा.

शेतातही तीच तऱ्हा. दाणे काढून झाले की मक्याची उरलेली बुरकुंडं बांधावर कुजत पडायची. वहिनीने ती कुटली, भुशात मिसळली, पिठाची खळ घातली आणि साच्यात दाबून जळाऊ ठोकळे पाडले. बघता बघता नऊ बाया जमल्या. वखारीच्या मालकाने मागची रिकामी शेड दिली, पण हातचं राखून. म्हणाला, बेकरीवाल्याने ठोकळे पसंत केले तर शेड तुमची, नाहीतर सोमवारपासून मी तिथे फळ्या रचणार.

या नऊ जणींत वहिनीची धाकटी जाऊ होती. तिने झाडलेल्या अंगणात पाय ठेवायला पाहुणासुद्धा बिचकायचा. साच्यात मधोमध सळई असे, त्यामुळे ठोकळ्याला आरपार भोक पडे. ते जावेला पडलेल्या दातासारखं दिसायचं. माल बेकरीला न्यायचा ठरला तेव्हा तिने एकेक भोक ओल्या भुशाने बुजवलं आणि वरून फडकं फिरवून गुळगुळीत केलं. वहिनीही तेवढीच खुळी. बघून हरखली.

शनिवारी दुपारी बेकरीवाल्याने ते ठोकळे भट्टीत मांडले. ते पेटतील तर शपथ. रुसल्या जावयासारखे नुसते धुमसत बसले. आत पाव पांढरेफटक आणि बाहेर धुराने माणसं रडवेली. डोळे पुसत बेकरीवाला म्हणाला, "वहिनी, हे जाळायचेत की भिंत बांधायचीय?"

मालकाच्या फळ्या वहिनीला समोर दिसायला लागल्या. पोतं भरावं म्हणून तिने तळाशी आधीचे, कडा उडालेले, भोकाचे दहाबारा ठोकळे जावेला न सांगता ढकलले होते. ते बाहेर काढताना तिलाच लाज वाटली.

"एकदा हे घालून बघा, दादा. दिसायला कसेतरीच आहेत."

भोकातून वारा शिरला आणि ठोकळ्यांनी असा पेट घेतला की बेकरीवाला दोन पावलं मागे सरकला. पाव मस्त खरपूस निघाले. असलेच कुरूप ठोकळे दर आठवड्याला आणून टाका, असं त्याने सांगितलं.

हे ऐकून आठ जणी नाचल्या. नववी मात्र गाल फुगवून बसली. तिने वहिनीशी पुढचे दोन दिवस अबोला धरला, पण भोकं पाडणं काही थांबवलं नाही.

सोमवारी सकाळी मालक सवयीने शेडमध्ये शिरायला गेला. जाऊ दारातच उभी होती.

"चपला बाहेर काढा, मालक. आताच झाडलंय."

मालकाने वहिनीकडे पाहिलं. वहिनी साचा भरण्यात गुंग असल्यासारखी खाली बघत राहिली. मग मालकाने मुकाट्याने चपला काढल्या.