अनवट स्केलचे सात कॉर्ड

शेजारच्या किल्लीवाल्याचं बायकोशी झालेलं भांडण आजीने भिंतीआडून ऐकलं होतं.

“तो चढा सूर वगळा हो, पोटात कळ आल्यासारखं वाटतं!” बायको म्हणत होती.

“तो वगळला तर या सात सुरांची ही अनवट मायनर स्केल राहील कुठं?”

स्केलमधला एक सूर घ्यायचा, पुढचा सोडायचा, त्यापुढचा घ्यायचा, आणि घेतलेले सूर एकत्र छेडले की झाला एक कॉर्ड. किल्ली घासून कुलपात बसवावी तसे त्याने उकुलेलेच्या, त्या छोट्या गिटारीसारख्या वाद्याच्या, चार तारांवर सात कॉर्ड बसवले. दोन वर्षं गेली त्यात.

पुढे बायको अंथरुणाला खिळली, तेव्हा तिला त्रास नको म्हणून त्याने चढ्या सुराऐवजी साधा सूर धरला. ती खेकसली, “माझी कळ कुठं गेली? नीट वाजवा!”

मंगळवारी तो वारला. त्या सकाळीही त्याने सातही कॉर्ड वाजवले, पायात चपला सरकवल्या आणि तिच्या गोळ्या आणून नेहमीसारख्या उशाशी ठेवल्या.