बियाण्याच्या दुकानातला जानेवारी

ओतूरच्या एसटी स्टँडसमोर, एका बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर मी तेव्हा संगणकाचे वर्ग घेत असे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मीच. कुठलंही यंत्र अडलं की लोक विश्वासाने मला बोलवत. त्या विश्वासाचं मला अप्रूप वाटे, आणि धाकही.

दसऱ्यानंतर एका दुपारी दुकानाच्या शेठनी खालून हाक मारली, "सर, पटकन या!"

गल्ल्यापाशी मढचा एक शेतकरी उभा होता. सकाळी तो औषध घ्यायला गेला, तेवढ्यात स्टँडवर बसवलेली त्याची आई दिसेनाशी झाली होती. तिला अलीकडे काही आठवत नसे. दुकानाच्या दारावरच्या कॅमेऱ्यात स्टँड दिसत असे, पण चित्रण साठवणारं यंत्र पासवर्ड मागत होतं.

"कुणाला कळू नये म्हणून मीच बदलला," शेठ म्हणाले. "असा लपवला राव, आता मलाच घावंना."

मी यंत्राच्या कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसला फोन लावला. तिकडच्या बाईंनी यंत्राचा नंबर आणि आजची तारीख विचारून पासवर्डऐवजी टाकायचा एक आकडा सांगितला. तो त्या तारखेपुरताच चालतो, म्हणाल्या. दोनदा टाकला, यंत्र उघडेना.

"सर, अंधार पडायच्या आत घावंल ना वो ती?" शेतकऱ्याने विचारलं. मी बाईंना आकडा चालत नसल्याचं सांगितलं.

"पडद्यावर कोणती तारीख आहे?" बाईंनी विचारलं.

पाहिलं, तर सन दोन हजारचा जानेवारी!

शेठ ओशाळले. "खंडेनवमीला बंद केलं व्हतं. समद्या अवजारांना इसावा, मग ह्यालाच का नाय? हळदकुंकू वाहिलं, वायर काढून ठिवली."

आतला सेल संपला होता. पुन्हा वीज मिळाल्यावर घड्याळ पहिल्यापासून मोजू लागलं होतं.

बाईंनी त्या जानेवारीचा आकडा दिला, आणि यंत्र उघडलं. मी थक्क झालो. पुण्यात बसलेल्या, कधी न पाहिलेल्या बाईंनी आमच्या दुकानातल्या चुकीच्या दिवसाचंही कुलूप काढलं होतं. त्या खोट्या जानेवारीत आजची सकाळ जशीच्या तशी होती: उन्हं, हातगाडी, आणि पिशवी छातीशी धरून एसटीत चढणारी म्हातारी.

"आय!" शेतकरी ओरडला.

गाडीची पाटी दिसत नव्हती. पण शेठ रोज स्टँड बघणारे. "पावणं, त्या खांबापाशी घोडेगावचीच गाडी लागती."

आम्ही घोडेगाव स्टँडला फोन केला. कंट्रोलरने बाकावर बसलेली म्हातारी शोधून तिच्या कानाला फोन लावला.

"कुठं हायेस रं?" तिने विचारलं.

शेतकऱ्याने थांबलेल्या चित्रातल्या तिच्यावरून नजर काढली नाही.

"हितंच हाय आये," तो म्हणाला. "तुलाच बघतुया. हलू नको, आलोच."