बिनठिपक्याची सीडी

मनोहर गेल्याचा फोन त्याच्या मुलीने, शुभाने केला, तेव्हा मी मदन महल भागातल्या माझ्या घरी दाढी करत होतो. "काका, बाबा नाही राहिले... सुबह चाय माँगी, आणि मी चहा आणला तोपर्यंत..." पुढे तिला बोलवेना. मी उरलेली अर्धी दाढी पूर्ण केली आणि मग निघालो. असं का केलं, ते मला अजून कळलेलं नाही.

आम्ही दोघे एकाच फॅक्टरीत होतो. तो बनवणारा, मी तपासणारा. आमच्या सेक्शनचा रिवाज असा, की पास झालेल्या वस्तूवर लाल रंगाचा ठिपका लावायचा आणि ठिपका लागला की पुन्हा कुणी तिला हात लावायचा नाही. त्या ठिपक्याचा मला गर्व होता, हे कबूल केलेलं बरं. मनोहर चिडवायचा, "विनू, एक कपाळावर पण लावून घे. मग तुले कोणी चुकला नाही म्हणणार."

निवृत्तीनंतर चेरीतालच्या घरी त्याने स्वतःचा टीव्ही बनवला. पत्र्याचं चाक, त्यात बत्तीस भोकं, मागे एक दिवा. चाक फिरलं की पोस्टाच्या तिकिटापेक्षा जरा मोठं, बत्तीस ओळींचं चित्र दिसायचं. त्याचा सिग्नल इतका छोटा, की गाण्याच्या साध्या कॅसेटवर मावायचा. ती कॅसेट टेपवर लावली तर नुसती भुणभुण ऐकू यायची. अशा एका कॅसेटवर त्याने मालतीवहिनींचा चेहरा उतरवून ठेवला होता. पुढे वहिनी गेल्या. फीत झिजायला लागली तेव्हा त्याने ती माझ्याकडे आणली. "सीडीवर घेऊन दे भाऊ. लेव्हल पाहून घेजो."

मी लेव्हल, म्हणजे सिग्नलचा जोर, पाहिली, आणि चित्र उजळ यावं म्हणून थोडी वाढवूनच घेतली. कमी पडण्यापेक्षा जास्त बरी, असं वाटलं. मग सवयीने सीडीवर लाल ठिपका लावला आणि कॅसेट त्याला परत केली.

त्या सीडीवरून वहिनींचा चेहरा काही केल्या स्थिर होईना. तिरका व्हायचा, सरकत जायचा. दुपारी पडदे ओढून आम्ही बसायचो. नॉब कमी केला की चेहरा काळवंडायचा, वाढवला की पांढराफटक. चार महिने मनोहर मॉनिटर, म्हणजे तो चाकाचा टीव्ही, उघडत राहिला. अॅम्प्लिफायर बदलला, कपॅसिटर बदलले, मोटरला शिव्या दिल्या. एकदा मी हळूच म्हटलं, "सीडीत तर काही नसेल?"

"काहून? ठिपका तूच लावला ना?"

मी पुन्हा नॉब फिरवायला लागलो. खरं सांगायचं तर शंका मला तेव्हाच आली होती. घरी जाऊन तपासायला एक दुपार पुरली असती. मी तपासलं नाही. बायकोचा चेहरा बघण्यासाठी माणूस जीव टाकत होता, आणि मला माझा ठिपका मोठा वाटला.

मग त्याचा शेवटचा फोन आला. "ये ना गुरुवारी. एक जॉब तपासायचा आहे तुझ्याकडून." मला वाटलं, आता सीडीबद्दल विचारणार. पाय दुखून राहिला म्हणून सांगितलं आणि गेलो नाही.

तेराव्यानंतर शुभा म्हणाली, "काका, ये मशीन आप ले जाओ. मला चालवता नाही येत." मी बघायला म्हणून पडदे ओढले आणि बटण दाबलं. चाकाने गती घेतली आणि वहिनी समोर आल्या... चष्मा सावरला, काहीतरी बोलून हसल्या. जागच्या हलल्या नाहीत. प्लेअर उघडला. आतली सीडी दुसरीच होती, तिच्यावर ठिपका नव्हता. मनोहरने कॅसेटवरून पुन्हा, कमी लेव्हलवर घेतली होती. प्रत्येक ओळीच्या आधी सिग्नलमध्ये एक बारीक इशारा असतो, त्यावर चित्र जागेवर राहतं. मी लेव्हल वाढवली तेव्हा तो इशाराच छाटला गेला होता. मॉनिटर पहिल्यापासून ठीक होता.

सीडीच्या पाकिटाला फॅक्टरीतल्यासारखं लेबल बांधलं होतं, त्याच्या अक्षरात. "तपासणी बाकी. विनू." माझ्या चुकीबद्दल एक अक्षर नाही. मी पडदे उघडले नाहीत, कारण शुभा तिथेच उभी होती आणि मला रडू येत होतं.

जुन्या सीडीवरचा ठिपका मी किल्लीने खरवडून काढला. मशीन घरी नेलं नाही. नव्या सीडीवर अजून ठिपका लावलेला नाही. तपासणी बाकी आहे, असं शुभाला सांगतो आणि दर गुरुवारी चेरीतालला जातो.