बसल्या उंचीची खिडकी

अक्का गेल्याचा निरोप घेऊन मार्गासनीचा माणूस आला, तेव्हा मी दुकानासमोर एका गाडीवानाशी भाड्यावरून हुज्जत घालत होतो. निरोप्या बाजूला उभा राहून माझं भांडण संपायची वाट बघत राहिला. शेवटी गाडीवानानंच त्याचा चेहरा पाहिला आणि "राहू द्या शेट, तुमी म्हणाल तसं," म्हणत बैल वळवले. जिंकल्याचं वाईट वाटावं असा माझ्या आयुष्यातला तेवढा एकच सौदा...

अक्का माझी थोरली बहीण. आईबाप लवकर गेले, तिनंच मला वाढवलं आणि मी हाताशी आल्यावरच ती लग्न करून मार्गासनीला गेली. तिथलं घर बसकं, स्वयंपाकघराला खिडकी नाही. मी खिडकी पाडून देतो म्हणालो, तर तिच्या दिरानं भिंतीला हात लावू दिला नाही. पुढं तांदळाच्या व्यापारात माझा जम बसला आणि मी उत्रोलीत घर बांधायला काढलं. भोरच्या बाजारातल्या बड्या दुकानदारांसारखा वर पत्रा घालायचा माझा बेत होता. तो ऐकून अक्का म्हणाली, "मग चूल मांडू नगंस. भाकरी आढ्याला चिकटव, आपसूक भाजंल."

घराची आखणी तिनंच केली, पण कागदावर नव्हे. ऐन वैशाखात ती येऊन राहिली. मोकळ्या जागेवर तीन दगड मांडायची, चूल पेटवून गड्यांच्या भाकऱ्या भाजायची आणि धूर कुणीकडं वळतो ते बघत बसायची. दुसऱ्या दिवशी तेच दगड दुसऱ्या कोपऱ्यात. गडी हसायचे. अखेर पश्चिमेला, भातखाचरांच्या बाजूला तिनं राखेची रेघ ओढली. "सैपाकघर हितं. खिडकी ह्या अंगाला, चूल जरा सरकून, म्हंजी जाळ हलायचा न्हाई."

डोंगराकडून येणारा तो वारा मला माझ्या सोप्यासाठी हवा होता. गिऱ्हाईक गारव्यात बसलं की दोन शब्द जास्त ऐकून घेतं. मी भडकलो. "व्यापार माझा, घर माझं, आन् वारा चुलीला?"

"सोप्यात तू दुपारचा घोरणार. चुलीपुढं तुझी बायकू भाजती."

गवंड्यानं खिडकी उभ्या माणसाच्या छातीला येईल अशी धरली होती. अक्का तिथंच भुईवर बसली आणि आपल्या खांद्यापाशी भिंतीवर हात ठेवला. "हितनं. बाई बसून रांधती." उन्हाची तिरीप आत येऊ नये म्हणून तिनं बाहेरची पडवी खाली उतरवायला लावली, आणि पत्रा जाऊन कौलं आली.

मी फुकट माघार घेत नाही. म्हणालो, वारा चुलीला देतो, पण दर वैशाखात तू इथं येऊन राहायचं. "व्हय," ती म्हणाली. माझी बायको साक्षीला होती.

त्यानंतर अक्का एकदाही राहिली नाही. कधी भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे असायचे, कधी जावेचं बाळंतपण, कधी म्हैस व्यालेली. आंबे घेऊन यायची, खिडकीपाशी पाटावर बसून मान वाऱ्याला द्यायची आणि उन्हं कलली की निघायची. शब्द मोडणारा माणूस मला खपत नाही. गेल्या उन्हाळ्यात मी तिच्या वाटेत आडवा उभा राहिलो. "ठरलं व्हतं, अक्का. फसवलंस तू मला."

ती हसली नाही. "एक उन्हाळा हितं काढला, तर तिथल्या चुलीपुढं मला बसवायचं न्हाई रं."

"मग नगंस बसू. ऱ्हा हितंच."

"आन् त्यांच्या भाकऱ्या?"

मी बाजूला झालो. यंदाच्या वैशाखात ती तापानं गेली, त्याच बिनखिडकीच्या घरात. माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो काढायला आता माणूस नाही.

अक्काचं दिवसकार्य झाल्यावर मी उत्रोलीला परतलो. बायको अजून दुपारी खिडकीपाशी पाट मांडते. काल सोपा तापला म्हणून आत गेलो, पाटावर बसायला वाकलो, पण बसवेना. शेजारी भुईवरच टेकलो. खाचरांवरून वारा आला आणि नेमका खांद्याला लागला. बायकोनं तव्यावरची भाकरी उलटली, आणि दुसऱ्या हातानं तो रिकामा पाट आणखी थोडा वाऱ्यात सरकवला.