पाठमोरा फोटो

सदर भागातल्या दोन खोल्यांत आमची संस्था आहे. पोलिसांत, कोर्टात अत्याचार झालेल्या मुलांच्या बाजूनं बोलणं हे आमचं काम. कायद्यानं मुलांचा चेहरा दाखवता येत नाही, म्हणून अहवालावर आम्ही पाठमोरा फोटो छापतो. पारशिवनीकडच्या एका मुलीचा, लाल रिबिनींच्या दोन वेण्यांचा. त्या फोटोवर देणग्या येतात, त्यातून आमचे पगार निघतात, म्हणून दरवर्षी तोच. भिंतीवरही तोच लावलाय.

यंदा धरमपेठेतल्या एका म्हाताऱ्या देणगीदार बाईंचा फोन आला. "ते पोरगी आता काय करून राहिली वं?"

मी बेधडक ठोकून दिलं, "कॉलेजात जाते!"

मग स्वतःचाच राग आला आणि मी तिची फाइल काढली. शेवटच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'निधीअभावी पाठपुरावा बंद.'

तिचा चेहरा आठवून पाहिला. आठवेचना.

आता मी त्या भिंतीकडे पाठ करून बसते. दुपारी ऑफिसात एकटी असले की मानेवर कुणाची तरी नजर जाणवते. मी वळून बघत नाही. ती वळली असेल, तर मला ती ओळखू यायची नाही.