शकुंतलाबाई बसल्या की उघडणारी फाईल

या भुतांच्या गोष्टींच्या ग्रुपवर आठवड्याला एक तरी पांढरी साडी आणि एक तरी चिंचेचं झाड येतं. मी वाचतो आणि पुढे सरकतो. भूत किती लांब होतं विचारलं तर 'जरा लांब', किती वेळ दिसलं तर 'बराच वेळ'... असल्या ढिल्या माणसांना दिसलेल्या भुतावर मी कशाला विश्वास ठेवू? मोजल्याशिवाय मी बोलत नाही. पण हे प्रकरण मोजूनही सुटलं नाही, म्हणून लिहितो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. केज तालुक्यात, नांदूरघाटच्या अलीकडे एका जिनिंगमध्ये मी अकाउंटंट होतो. कापसातून सरकी काढून गाठी बांधायचा कारखाना. नाव देत नाही. ऑफिसात एक सर्व्हर – सगळ्या फायली त्यातच. त्याला केबलने जोडलेली दोन जुनी मशीनं विंडोजच्या आधीच्या डॉसवर चालायची आणि एक नवं विंडोजवर. नव्या मशीनवर शकुंतलाबाई बसायच्या. नवरा वारलेला, पदरी दोन मुली. त्यांच्या पगारावरच चूल पेटायची.

आमच्याकडे खंडेनवमीला वजनकाटा, इंजिन, सगळ्यांची पूजा होते. कॉम्प्युटरचीही सुरू झाली होती. पूजा सुवासिनीच्याच हातून, असा मालकांच्या मेहुण्याचा – विठ्ठलरावांचा – हट्ट. त्यांनी शकुंतलाबाईंना व्हरांड्यात उभं केलं आणि त्यांच्या मशीनला मालकीणबाईंनी कुंकू लावलं. वर, सीझनचं काम 'चांगल्या हातानं' व्हावं म्हणून बाईंना जुन्या मशीनवर ढकललं आणि नव्यावर विठ्ठलराव स्वतः बसले. हे गृहस्थ एका बोटाने टाईप करायचे.

दुसऱ्या दिवसापासून नवं मशीन रखडायला लागलं. काट्यावरच्या वजनांची फाईल डॉसवर पाच-सहा सेकंदांत उघडायची. विंडोजवर चार मिनिटांच्या वर. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, शेतकऱ्यांच्या शिव्या.

"नाना, मी तवाच म्हणलतो," विठ्ठलराव मालकांना म्हणाले. "वर्षभर तिचा हात लागलाय मशीनला. पांढऱ्या पायाची बाई हाय. काढून टाका."

"मग आता ती ज्या मशीनवर बसते ते कसं पळायलंय?" मी विचारलं.

"जुन्याला सवय हाय."

नाना यावरही मान डोलावत होते. "इंजिनिअरला बोलवा. त्याच्यानं न्हाई झालं तर मंग बाईचं बघू."

औरंगाबादहून इंजिनिअर आला. त्याने केबल बदलली, नेटवर्कचं कार्ड बदललं. फ्लॉपीच्या फटीतून चमचाभर कुंकू काढलं आणि आमच्या सगळ्यांच्या कपाळांकडे एकदा पाहून घेतलं. नवंच मशीन डॉसमध्ये चालू केलं – फाईल झटक्यात उघडली. विंडोजमध्ये – पुन्हा चार मिनिटं. म्हणजे तार ठीक, कार्ड ठीक, सर्व्हर ठीक. त्याने विंडोज पुसून नव्याने टाकलं. तरी तेच. "सेटिंगचा प्रॉब्लेम आहे," म्हणून त्याने बॅग उचलली. कुठलं सेटिंग, ते तोच जाणे.

नानांनी बाईंना बोलावणं पाठवलं. कशासाठी, ते सगळ्यांना माहीत होतं. म्हणून मी म्हणालो, "आधी त्यांना नव्या मशीनवर बसवा. सगळ्यांना लागतो तेवढाच वेळ त्यांनाही लागला, तर हाताचा संबंध नाही हे सिद्ध होईल." मला एवढंच दाखवायचं होतं.

बाई बसल्या. मी घड्याळावर नजर ठेवली.

पाच सेकंद.

मी बाईंना उठवलं, स्वतः बसलो – चार मिनिटं. बाईंच्याच नावाने, बाईंच्याच पासवर्डने विठ्ठलरावांना बसवलं – चार मिनिटं. विठ्ठलरावांच्या नावाने बाई – पाच सेकंद. मधे मशीन बंद करून पाहिलं, क्रम उलटा करून पाहिला. नंतर आठवडाभर हेच केलं. फरक नाही.

त्या पहिल्याच दिवशी विठ्ठलराव हात जोडून उभे. "ताई, देवीच हाय तुमच्या अंगात. चुकलं आमचं. तुमीच बसा."

बाईंनी मान वर केली नाही. "मगापर्यंत पांढऱ्या पायाची होते, आता देवी. मधे कुठं बाई म्हणून ठिवा की मला. अन् सरका, गाड्या थांबल्यात."

सीझन निघाला, बाईंची नोकरी राहिली. पुढच्या नवरात्रात गावातल्या चार बायका मशीनची ओटी भरायला आल्या, त्यांना मी गेटवरूनच परत पाठवलं. खंडेनवमीला नाना स्वतः कुंकवाचा करंडा घेऊन आले, मशीनला तुम्हीच लावा म्हणाले.

"तुमी करा पूजा," बाई म्हणाल्या. "मी थांबते की व्हरांड्यात. सवय हाय मला."

त्या वर्षी मशीनची पूजा झाली नाही. त्यांना व्हरांड्यात पाठवायची कुणाची छाती नव्हती.

ज्यांना यात देवीचा न्याय दिसतो, त्यांनाही माझ्याकडून विठ्ठलरावांच्याच पंक्तीला बसवा. देवीला न्याय करायचा असता तर तिने नेटवर्कची वाट पाहिली नसती. नंतर भेटलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरवाल्याला मी विचारलं. एक म्हणाला कॅश, म्हणजे मशीनने आधी उघडलेलं लक्षात ठेवलेलं असतं; एक म्हणाला योगायोग. आठवडाभराचे आकडे दाखवले की दोघेही चहा मागवायचे.

काही वर्षांनी ते मशीन भंगारात निघालं. टेम्पोत चढवायच्या आधी मी शेवटचं बसून पाहिलं – फाईल काही उघडेना. शकुंतलाबाई दारात आल्या.

"तुम्ही बसता एकदा?" मी विचारलं.

"नको," त्या म्हणाल्या. "जाऊ द्या त्याला. आता माझं काम बघून नोकरीवर ठिवलंय मला, त्याच्यामुळं न्हाई."